मनीप्लांटखालचा टेप

माझा टेपरेकॉर्डर मला तळवड्याच्या एका कॅफेत सापडला. त्याच्या डोक्यावर मनीप्लांटची कुंडी होती आणि तिला कोणीतरी नुकतंच पाणी घातलं होतं. पाणी स्पीकरच्या जाळीवरून खाली ओघळत होतं.

मी तिथे आपण होऊन गेलो नव्हतो. माझा मुलगा सनी तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. माझी बायको प्रभावती गेल्यापासून त्याने आणि सुनेने, म्हणजे मिनलने, मला कुठे ना कुठे न्यायचा सपाटा लावला आहे. त्याला ते ‘पप्पांचा मूड बदलणं’ म्हणतात. मी मूड म्हणून काही ठेवत नाही, पण गाडीत जाऊन बसतो. नाही म्हटलं तर मिनल डॉक्टरांना फोन करते.

कॅफेचं नाव ‘आठवण कट्टा’. आत शिरल्याबरोबर मला संशय आला. भिंतीवर कंदील, कोपऱ्यात रॉकेलचा स्टो, छताला उलट्या टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या किटल्या. पाण्याला पितळी तांब्या आणि तांब्याला खाली क्यूआर कोड. एका मोठ्या जुन्या रेडिओतून जुनी गाणी चालू होती. मी वाकून मागे बघितलं तर रेडिओ आतून पोकळ, त्यात मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर बसवलेला. टेबलांवर पंचविशीतली पोरं डोळे मिटून माना हलवत होती. ज्यांनी जन्मात कंदिलाची काच पुसली नाही, त्यांना कंदिलाची आठवण येते, याचं मला नवल वाटतं. आम्हाला कंदिलाची आठवण अजिबात येत नाही. आम्ही वीज आली त्या दिवशी पेढे वाटले होते.

“पप्पा, तुमच्या काळातलं वाटतंय ना?” मिनल म्हणाली.

“चहाचा भाव सोडला तर वाटतंय,” मी म्हणालो. तेवढ्यात मला तो टेप दिसला.

आमच्या कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कंपनीने टेपरेकॉर्डर भेट दिला होता. सोबत एक कोरी कॅसेट. त्याचं आवाजाचं बटण पहिल्याच महिन्यात तुटलं, तेव्हा मी टूलरूममध्ये लेथवर ॲल्युमिनियमचं बटण करून बसवलं होतं, कडेला बारीक खाचा पाडलेलं. पुढे कॅसेटचं झाकण अडकलं आणि कॅसेट आतच राहिली. मग टेप बंद पडला, मग माळ्यावर गेला, आणि मध्यंतरी इमारतीला रंग लागला तेव्हा मिनलने सनीला फोनवर विचारलं, “हा टेप देऊन टाकू का?” सनी मीटिंगमध्ये होता. मीटिंगमधला माणूस कशालाही हो म्हणतो. त्या दिवशी आख्ख्या इमारतीने एकाच भंगारवाल्याला गाठलं होतं. तो तीन फेऱ्या घालून गेला.

आता कॅफेत समोर तोच टेप, तेच बटण, आणि झाकणाच्या काचेतून दिसणारी तीच पांढरी कॅसेट.

त्या कॅसेटमध्ये प्रभावतीचा आवाज होता. टेप घरी आला त्या दिवशी चालतो का बघायला मी तो चालू केला होता आणि तिला म्हटलं होतं, बोल. ती काहीतरी बोलली होती. काय ते आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर, कसं तेही आठवेनासं झालं होतं. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा आठवतो, हात आठवतात, भाकरी थापताना कपाळावर येणारे केस मनगटाने मागे सारायची ते आठवतं. पण ती बोलायला लागली की आवाज बंद. मोबाइलमध्ये तिचे शेकड्याने फोटो आहेत. व्हिडिओ एकच आहे, सनीच्या हळदीचा. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघून मला काहीतरी सांगते आहे, चांगली दीडदोन वाक्यं, आणि ऐकू येतो तो डीजे.

मी उठून कुंडी उचलली आणि बाजूला ठेवली. लगेच कॅफेचा मालक आला. सुजित नाव, दाढी कोरलेली, डोक्यावर मुद्दाम घातलेली गांधीटोपी.

“काका, प्रॉप्सना हात नाही लावायचा.”

“हा माझा टेप आहे.”

“असं रोज कोणीतरी येऊन म्हणतं, काका. गेल्या आठवड्यात एक आजी त्या शिलाई मशीनवर बसल्या, उठेचनात. शेवटी मी त्यांच्या सुनेला बोलावलं.” मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “काही पुरावा आहे का? बिल वगैरे?”

चाळीस वर्षं मी ज्या वस्तूंना हात लावला त्या एका सुताने इकडच्या तिकडे झाल्या नाहीत, आणि हा मला पुरावा मागत होता. मी बटण दाखवलं. तो म्हणाला, “भारी आहे. व्हिंटेज.” आणि कुंडी परत टेपवर ठेवली.

आमच्या शेजारी दौलतराव राहतात. माझ्याच कंपनीत होते, पेंटशॉपला. मावळातलं जुनं गावकरी घराणं. या जगात जे काही घडतं त्यात काहीतरी काळंबेरं आहे, असा त्यांचा विश्वास आहे. पाणी वेळेवर आलं तरी ते गच्चीवर जाऊन टाकी बघतात. मी संशयी आहे असं लोक म्हणतात, पण दौलतरावांपुढे मी भाबडाच.

“ह्यात कायतरी हाय, भिवाभाऊ,” त्यांनी सगळं ऐकून घेऊन सांगितलं. “भंगारातला टेप कॅफेत कसा जाईल? मधी टोळी असनार. तुमी सरळ पोलिसात जा.”

“तुमचा टेप कुठे आहे?”

“आमचा माळ्यावर हाय. आमी जपतो वस्तू.”

त्यांच्या बायकोने, सोजरावहिनींनी, स्वयंपाकघरातून आमच्याकडे एकदा बघितलं आणि कुकरचं झाकण लावलं.

खालच्या मजल्यावरचा विलास युनियनच्या कमिटीवर होता. तो म्हणाला, पोलीस नको, आधी मागणीपत्र द्या, मग पंधरा दिवसांची नोटीस, मग कॅफेसमोर बसू. विलासने आयुष्यात प्रत्येक प्रश्न बसूनच सोडवला आहे. त्याच्या सुनेचं म्हणणं, रिव्ह्यू लिहा, एक स्टार द्या, मालक टेप घेऊन घरी येईल. मला हे पटलं नाही. ज्याच्याकडे आपली वस्तू अडकली आहे त्याला एक तरी स्टार का द्यायचा?

मी चौकीत गेलो.

“चोरी कधी झाली?” हवालदाराने विचारलं.

“चोरी नाही झाली.”

“मग हरवला?”

“नाही. सुनेने भंगारात दिला.”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. “म्हणजे तक्रार सुनेवर करायची?”

“छे. सून चांगली आहे.”

“मग भंगारवाल्यावर?”

“त्याने आपण दिला म्हणून नेला. त्याची काय चूक?”

“मग कॅफेवाल्यावर.”

“त्याने विकत घेतला असणार.”

“काका,” हवालदार म्हणाला, “सगळेच चांगले आहेत, तर तुम्ही इथे कोणाविरुद्ध आलात?”

तो माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितलं की बिल आणा, बिल नसेल तर कंपनीचं काहीतरी आणा, मी कॅफेवाल्याशी बोलतो. मग खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं, “रविवारी तिथे फार गर्दी असते का? आमच्या मंडळींना त्या कंदिलाखाली फोटो काढायचा आहे.”

आमची कंपनी पिंपरीतून कधीच उठली आणि चाकणच्या बाजूला, कुरुळीच्या पुढे गेली. पिंपरीतल्या जागेवर आता टॉवर आहेत. पीएमपीने आणि मग शेअर रिक्षाने मी गेटवर पोचलो. तिथे वॉचमनने ॲपवर नोंद करायला लावली. ॲपने फोनवर नंबर पाठवला, फोनला रेंज नव्हती. रेंजसाठी रस्त्यापलीकडे टपरीपाशी गेलो, नंबर आला, परत गेटवर येईपर्यंत नंबरची मुदत संपली. दोनदा असं झाल्यावर टपरीवाला म्हणाला, “बाबा, पळत जा.” मी ज्या कंपनीत जन्म काढला तिच्या आत जायला पळत गेलो. गेटवर मला पुढे लोखंड असलेले बूट दिले. दोन्ही डाव्या पायाचे होते. वॉचमन म्हणाला, ऑफिसपर्यंतच तर जायचंय.

एचआरमध्ये योगिनी नावाची मुलगी होती. माझी गोष्ट ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला लगेच संशय आला. एचआरच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नव्हतं.

“काका, किती गोड. आम्ही ना कंपनीची हेरिटेज वॉल करतोय. तुमचा तो टेप आम्हाला द्याल?”

“तो मलाच मिळत नाहीये, बाई.”

“मिळाला की. नाव लिहू तुमचं खाली.”

एकाने त्याच्यावर झाड ठेवलं होतं, ही आता त्याला भिंतीला टांगणार होती. पत्र देता येणार नाही, त्या काळचं रेकॉर्ड नाही, असं तिने गोड आवाजात सांगितलं. मग मला उभं करून फोटो काढला, सनीने कॅफेत काढून मला पाठवलेला टेपचा फोटो त्याला जोडला, आणि रिटायर्ड कामगारांच्या ग्रुपवर टाकला: ‘ओळखा पाहू! आठवणींचा गुरुवार.’ त्या दिवशी मंगळवार होता.

मी घरी पोचायच्या आत फोन सुरू झाले. पहिला लक्ष्मणरावांचा. ते टूलरूममध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर होते. मूळचे कोकणातले, आता चिखलीला असतात.

“भिवाभाऊ, माझो टेप तुमच्याकडे कसो?”

“तुमचा कसला? माझा आहे. बटण बघा ना, मी स्वतः केलेलं.”

“अहो, तुम्ही ती बटणां आख्ख्या डिपार्टमेंटाक करून दिलेली. जेवणाच्या सुट्टीत. पेंटशॉपवाले पण घेऊन गेले. इसारलात काय?”

मी फोन कानाला धरून तसाच खुर्चीत बसलो. खरंच दिली होती. बटण सगळ्यांचंच तुटलं होतं. झाकणही सगळ्यांचंच अडकायचं. आणि कोरी कॅसेटही सगळ्यांनाच मिळाली होती, त्याच पांढऱ्या रंगाची. आमच्या घरांतली घड्याळं एक, स्टीलचे डबे एक, कुकर एक, सगळं कंपनीच्या भेटीचं. पाहुण्याकडे गेलो तरी पाण्याचा पेला आपलाच वाटायचा. आणि मी एका बटणावरून टेप ओळखायला निघालो होतो.

रविवारी आम्ही चौघे कॅफेत गेलो. विलासच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून. ती गाडी विकायला त्याचा मुलगा दहा वर्षं मागे लागला आहे. मी आणि लक्ष्मणराव हक्क सांगायला, विलास वाटाघाटीला, आणि दौलतराव टोळी बघायला. प्रत्येकाने एकेक कटिंग मागवला. तिथे कटिंग मिळत नाही, मटक्यातला चहा मिळतो, आणि मटका घरी नेता येतो असं पोराने कौतुकाने सांगितलं. दौलतरावांनी मटका वास घेऊन बाजूला ठेवला.

कागद नसतानाही हवालदाराने सुजितला फोन केला होता. तो नरमला होता. पण त्यापेक्षा, एका टेपसाठी चार म्हातारे आलेले बघून त्याला वेगळीच हुशारी सुचली होती.

“कॅसेट काढा ना काका. फक्त मी रील काढतो. चालेल?”

“काढ,” मी म्हणालो. माझ्या अब्रूचं त्या आठवड्यात तसंही काही शिल्लक नव्हतं.

मी घरून पेचकस नेला होता. झाकण उघडलं. आत मनीप्लांटचं एक मूळ शिरलेलं होतं, पण कॅसेट कोरडी होती. आता वाजवायची कशावर? कॅफेत तीन रेडिओ, दोन ग्रामोफोन आणि चार टेप होते, आणि एकही चालू नव्हता. सगळी आठवण ब्लूटूथवर होती.

“माझ्या गाडीत चालतो,” विलास म्हणाला. “म्हणून तर विकत नाही.”

आम्ही चौघे पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो. विलास स्टिअरिंगवर, मी पुढे, मागे दौलतराव आणि लक्ष्मणराव. बाहेरचा आवाज नको म्हणून काचा वर केल्या. एसी कधीच मेला होता. सुजित काचेला मोबाइल लावून उभा. त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईकही जमलं.

विलासने कॅसेट आत ढकलली. आधी नुसती खरखर. गाडीचा टेप जरा हळू चालतो, त्यामुळे सगळं जाडसर ऐकू येत होतं. मग एक पुरुष खोकला आणि म्हणाला, “बोल.” तो कोण हे आमच्यातल्या कोणालाही कळलं नाही. स्वतःचा आवाज कोणाला ओळखता येतो?

मग बाई म्हणाली, “काय बोलू?”

“ही प्रभावती,” मी म्हणालो.

“नाय हो,” मागून लक्ष्मणराव म्हणाले. त्यांची बायको कोरोनात गेली. “ही आमची. ती असाच म्हणाली होती. काय बोलू.”

विलासने आवाज वाढवला. त्याचीही दोन वर्षांमागे गेली.

कॅसेटमधला पुरुष म्हणाला, “कायपन बोल.” बाई हसली. “चालू हाय का पर?” मग भांडं पडल्याचा आवाज, आणि ती ओरडली, “पिंटू, वायरला हात लावू नगंस.” मग खाट्कन बंद.

पिंटू हा दौलतरावांचा मुलगा. आता हिंजवडीत सोसायटीचा चेअरमन आहे.

आम्ही तिघांनी मागे वळून बघितलं. आमच्यात एकट्याची बायको जिवंत होती, आणि त्यालाच आवाज ओळखू आला नव्हता.

“आमचा टेप माळ्यावर हाय,” दौलतराव म्हणाले. “ह्यात कायतरी हाय.”

मला त्यांचं काही वाटत नव्हतं. मला माझंच वाटत होतं. मी छातीठोकपणे म्हणालो होतो की ही प्रभावती. म्हणजे मी तिचा आवाज विसरलो होतो. टेप नाही मिळाला तर नाही, पण आता तो समोर येऊन वाजला तरी मला कळणार नव्हतं.

आम्ही कॅसेटसकट घरी निघालो. विलासने गाडी आमच्या बिल्डिंगखाली लावली आणि दौलतरावांनी खालूनच हाक मारली. सोजरावहिनी कणकेच्या हातांनी खाली आल्या. दौलतरावांनी विचारलं, “आपला टेप माळ्यावर हाय ना गं?”

“माळ्यावर? रंगाच्या वक्ताला दिला की भंगारात. तुमीच तर जिन्यातनं खाली नेऊन दिला.”

वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, हात पदराला लागू नयेत म्हणून वर धरून. विलासने कॅसेट लावली. बोल. काय बोलू? चालू हाय का पर? पिंटू, वायरला हात लावू नगंस.

वहिनी शेवटपर्यंत समोरच्या काचेकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराला धरून उभा होतो. माझ्या तोंडावर काय दिसत होतं मला माहीत नाही.

“ही मी न्हाई,” त्या म्हणाल्या. “प्रभावती हाय ही.”

“अगं, पिंटूला बोलतीया ती,” दौलतराव म्हणाले.

“मग? पिंटू दिसभर कुठं असायचा? त्यांच्यातच जेवायचा, त्यांच्यातच निजायचा. घेऊन जा भाऊजी कॅसेट. तुमचीच हाय.”

मला संशय आला. पिंटू आमच्याकडे असायचा हे खरं. पण त्या फार पटकन बोलल्या होत्या, आणि कणकेचा हात पदराला लागला होता तरी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“वहिनी, खरं सांगा.”

“तुमी म्हंजी असलेच बघा,” त्या म्हणाल्या. “प्रभावती सांगायची ते खोटं न्हाई.” आणि त्यांनी मान जराशी कलती केली, एक भुवई वर चढवली, आणि प्रभावतीच्या माहेरच्या, परभणीच्या हेलात, शब्दाचं शेपूट ओढत म्हणाल्या, “आमच्या ह्यांचं काय सांगू बाई, दूध आलं तर आधी गवळ्याचं तोंड बघतेत, मग दुधाचं.”

ती प्रभावती होती.

जशीच्या तशी. ‘बघतेत’वर चढलेला सूर, ‘बाई’ म्हणताना नाकातून निघणारं हसू. गाडीच्या दाराला धरून मी उभा होतो आणि माझी बायको शेजारणीला माझी चुगली सांगत होती. विसरलो नव्हतो. ऐकल्याबरोबर कळलं. आणि हेही कळलं, की कॅसेटमधली ती नव्हे.

विलास खिडकीतून बाहेर बघत बसला. लक्ष्मणराव रुमाल शोधत होते.

मी वाकून कॅसेट काढली आणि दौलतरावांच्या शर्टाच्या खिशात घातली.

“राहू द्या तुमच्याकडेच,” मी म्हणालो. “माझ्याकडे वाजवायला टेप कुठे आहे?”

वहिनी हात धुवायला वर गेल्या.

टेप कॅफेतच आहे. कुंडीखाली बशी ठेव, एवढं मी सुजितला सांगितलं. त्याची रील बऱ्याच लोकांनी बघितली म्हणे, आणि आता तिथे रविवारी म्हातारे येतात, प्रत्येक जण त्या बटणाला हात लावून बघतो. योगिनीचा अजून फोन येतो. माझा टेप कुठे गेला कोण जाणे. असेल दुसऱ्या एखाद्या कॅफेत, डोक्यावर झाड घेऊन.

हल्ली मी रोज संध्याकाळी दौलतरावांकडे चहाला जातो. वहिनी भाजी निवडत असतात. मी विचारतो, “वहिनी, प्रभावती अजून काय म्हणायची माझ्याबद्दल?” त्या जरा आठवतात, मान कलती करतात आणि सांगतात. माझ्याविरुद्ध तिच्या तक्रारी इतक्या होत्या हे मला ठाऊक नव्हतं. रोज एक तरी नवी निघते. मी मान खाली घालून ऐकतो आणि सावकाश चहा पितो.

दौलतराव पेपर तोंडापुढे धरून बसलेले असतात. पेपर सरळ असतो, पण पान उलटत नाहीत. ह्यात कायतरी हाय, असं त्यांनी विलासला सांगितल्याचं कळलं.